ओम्नीतला मिणमिणता दिवा

९ फेब्रुवारी २०१४

पुन्हा तेच! बटण बंद, तरी ओम्नीच्या छतातली एलईडीची पट्टी मिणमिणतेच आहे. उजेडात कळत नाही. दारं लावून, पडदे ओढून आत बसलो तेव्हा दिसलं. शोभाला हाक मारली. तिने वाकून पाहिलं. "झोप आली की डोळे मिटतातच की. निघायचं कधी ते सांगा."

निघायचं म्हणजे वेळासला. कासवाची पिल्लं वाळूतून वर येऊन समुद्रात जातात, ते तिला बघायचंय. टीव्हीवर पाहिल्यापासून डोक्यात बसलंय. हंगाम पाडव्याच्या आगेमागे संपतो. "रिटायर झालो की कुठे म्हणशील तिथे नेतो" — हे माझंच वाक्य. तळोज्याच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटवाला होतो. सुट्टी मागितली की नेमका शटडाऊन निघायचा. आता कंपनी नाही. शाळेची मुलं नेणारी जुनी ओम्नी घेतली, मागच्या सीटा काढल्या, झोपायला फळ्या टाकल्या, स्टोव्हला कट्टा केला. दिवेच तेवढे राहिलेत.

१३ फेब्रुवारी

पट्टीच्या टोकाकडचा उजेड मंद होता. माझीच चूक, वायर बारीक वापरली. जाड ओढली, दोन्ही टोकांनी सप्लाय दिला. आता सारखा उजेड. बरं वाटलं!

मिणमिण आहे तशीच.

२१ फेब्रुवारी

इंजिन चालू केलं की दिवे थरथरतात. व्होल्टेज चौदाच्या वर जातं. रेग्युलेटर हवा. खांदा कॉलनीत मिळेना, लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात जावं लागणार.

"गाडी चालवताना कशाला हवेत दिवे?" — शोभा. चिडलो.

तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. "टाइमपास," म्हणाली. तुझे गुडघे धरतात, क्लच कसला दाबणार — असं बोलून गेलो. बोलायला नको होतं.

२ मार्च

रेग्युलेटर बसवला. थरथर गेली.

नेऱ्याहून भामा आली, शोभाची धाकटी बहीण. वालाच्या शेंगा घेऊन. ओम्नीत डोकं घालून म्हणते, "दाजी, देवलात पन एवढं दिवं नाय! आमी बसाचं कदी?" दोघी बहिणी हसत बसल्या. मीही हसलो, पण थोडंच.

१२ मार्च

सापडलं! बटण मी मायनसच्या वायरमध्ये टाकलंय. गाडीचा मूळ छताचा दिवा दाराच्या बटणाने मायनस, म्हणजे अर्थिंग, तोडून बंद होतो, मी डोळे झाकून तीच नक्कल केली. म्हणजे पट्टीला प्लस कायमच मिळतोय, आणि तिचा मायनस कुठेतरी पट्टीखालच्या ॲल्युमिनियमला टेकून गाडीच्या बॉडीत उतरतोय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वायरिंगला नावं ठेवली. आता हसा!

शोभाला सांगितलं, सगळं छत उघडावं लागेल.

"म्हणजे यंदा नाही," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. आणि कपडे वाळत घालायला गेली.

बॅटरीपाशी प्लसमध्ये एक बटण टाकलं तरी भागलं असतं. अर्ध्या तासाचं काम. ते तिला बोललो नाही.

१८ मार्च

शिमगा झाला. छत उघडलेलं नाही, बटणही टाकलेलं नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला निघायची भीती वाटते. कंपनीत रोज काहीतरी बिघडायचं, म्हणून सगळ्यांना मी लागायचो. गाडी एकदा नीट झाली की मी कशाला लागणार? समुद्रावर नुसतं बसायचं, शोभाशी दिवसभर बोलायचं. बोलायचं काय? एवढ्या संसारात ती सवयच लागली नाही.

२६ मार्च

शोभाला लायसन्स मिळालं! पेढे आणले. पहिला मला दिला.

२८ मार्च

स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेलो तर जागेवर ओम्नीच नाही. "भामाला फिरवून आणते" म्हणाली होती, मला वाटलं नेऱ्यापर्यंत. वर ओट्यावर भाकऱ्या झाकलेल्या, सुकटीची चटणी, दोन दिवस पुरेल एवढं वरण!

दुपारी फोन. "हरिहरेश्वरला जेवलो. आता खाडी ओलांडायला फेरीबोटीवर गाडी चढवतेय."

मी म्हटलं, "अगं, पण दिवे!"

तिने फोन ठेवला. फार राग आला. मग गॅलरीत उभा राहून रिकाम्या जागेवरचा ऑइलचा डाग बघत बसलो. एकट्याला भाकरी जाईना.

२९ मार्च

सकाळी शोभाचा फोन. काल संध्याकाळी गावातली माणसं हात जोडून सांगायला आली — गाडीतला उजेड बंद करा, दिवा दिसला की पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे चालू लागतात. ही बटण दाबते, उजेड जाईना. "तुमचं खरं होतं हो. बंद म्हणजे बंदच व्हायला हवा."

"मग?"

"मग काय! भामाने कात्री आणली आणि वायर कापली. ठिणगी उडाली, सगळेच दिवे गेले."

फ्यूज उडाला असणार. सांगितलं नाही. मागून भामा ओरडत होती, "दाजी, आता मस्त कालोख हाय!"

पिल्लं पाहिली का, विचारलं. आज पहाटे पाहिली. "एक सारखं उलटं पडत होतं, पुन्हा उठून चालत होतं. तुमची आठवण आली." मग म्हणाली, "गावकरी उद्या पुन्हा पिल्लं सोडणार आहेत. तुम्ही या."

वेळासला जायला मंडणगडची एसटी पकडतो. पिशवीत टॉवेल, एक शर्ट, टेस्टर.

टेस्टर काढून ठेवला.