किल्लीची मिरवणूक

२९ ऑक्टोबर, बुधवार. नांदेड

वीट आला! आज पुन्हा शाल. पॉलिस्टरची. पांघरली की घाम, काढली की केस उभे. नारळ ठेवायला तर जागाच उरलेली नाही. केयूर ते लॉजवाल्याला देऊन टाकतो. लॉजवाला ते उद्याच्या सत्कारवाल्यांना विकत असणार, माझी खात्री आहे.

कन्याकुमारीहून निघून अठ्ठावीस दिवस झाले. चौघं, चार सायकली — मी, वरद, केयूर आणि स्वरदा. कॉलेजपासूनची दोस्ती. मी शाळेतून बिनपगारी रजा काढली, दिवाळीच्या दिवशी धाब्यावर डाळ-भात खाल्ला, ते कशासाठी? तर आमच्या वस्तीवरचे आईबाप ऊसतोडीला गेले की पोरांनी मागे राहावं, त्यांची शाळा बुडू नये, म्हणून वसतिगृह काढायचं. निघायच्या आधीच लोकांनी हात आखडता घेतला नाही, हे खरं. खाटा आल्या, भांडी आली, धान्य आलं. चांगुणाबाई स्वयंपाकाला ठरली. सेलूजवळ, माझ्या शाळेला लागूनच, सगळं तयार आहे. फक्त दाराला कुलूप आहे.

आणि किल्ली आमच्याजवळ! नवरात्रात पोरं देवीची ज्योत पळत पळत आणतात ना, तशी आम्ही ही किल्ली आणतोय. लाल फडक्यात बांधून, वरदच्या हँडलला. जमिनीला टेकवायची नाही. रेल्वे, मोटार काही नाही, सायकलवरूनच दारापर्यंत न्यायची. गावोगाव बाया तिला हळदकुंकू वाहतात. कल्पना माझी. तेव्हा फार गोड वाटली होती. दुसरी किल्ली वरदने समुद्रात फेकली. ‘एकच किल्ली, एकच संकल्प!’ केयूरने ते तीनदा शूट केलं. पहिल्या दोन वेळी खडा फेकला होता, तिसऱ्यांदा खरी किल्ली.

इथून सेलू दोन दिवस, फार तर तीन. परवा घरी, असं धरून मी चालले होते. आज जेवताना वरद म्हणाला, उद्घाटन नऊ तारखेला. आमदारसाहेबांना त्याआधी वेळ नाही. "तोवर जिल्ह्यात फिरू. लोकांना भेटू." लोकांना म्हणे! शाल घेऊन उभे असतील त्यांना.

३० ऑक्टोबर, गुरुवार. चुडावा

शिसारी आली आज.

दिवाळीच्या सुटीत पोरांना घरून बोलावून शाळेपुढे उभं केलं होतं. आठपासून. आम्ही पोचलो सव्वाअकराला, कारण वरदला नांदेडला दाढी करून निघायचं होतं. हातात कागदी झेंडे, पायात काही नाही. दुसरीतली असेल, एक पोरगी उन्हाने ओकली. मी तिच्याकडे धावले तर केयूर म्हणतो, "उत्तरा, तिला जरा बाजूला घे ना, फ्रेममध्ये येतंय ते."

ते!

तिचं तोंड धुतलं, पाणी पाजलं. तिने विचारलं, "बाई, ती किल्ली सोन्याची हाय का?" मी म्हटलं, लोखंडाची आहे. तिला पटलं नाही. एवढा बँडबाजा लोखंडाच्या किल्लीला कोण लावेल? पोरगी हुशार आहे.

स्टेशनवर सेलूकडे जाणारी गाडी उभी होती. दोन-सव्वादोन तासांत घर. गाडी सुटली आणि मी नुसती बघत राहिले, हातात पेढ्याचा बॉक्स धरून.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. पूर्णा

बजरंगचा फोन आला. राणीचा बाप.

राणी माझ्या वर्गात, चौथीत. दरवर्षी ऊसतोडीला जाते, धाकट्या भावाला सांभाळायला. उन्हाळ्यात परत येते ती जोडाक्षरं विसरून. यंदा जूनपासून तिला मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवली. सप्टेंबरात तिने एक अख्खा धडा न अडखळता वाचला! वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बाई, आता पुन्हा वाचू का?" खरं सांगायचं तर हे वसतिगृह माझ्यापुरतं तिच्यासाठी आहे. बाकीच्या सोळा पोरांनी मला माफ करावं.

बजरंग म्हणाला, "बाई, एक ट्रक उद्या जायलाय. आमचा मंगळवारी पहाटं येनार. पोरीचं काय करावं? कडूबाई म्हनती, घेऊनच जावं. बाळाला कोन बगनार? मी म्हनलं, बाईला इचारतो."

मी म्हटलं, "बजरंगभाऊ, थांबा. मी मंगळवारच्या आत येते. मी आल्याशिवाय राणीला कुणाच्याही हाती द्यायचं नाही. कुणाच्याही नाही, सांगून ठेवते!"

गेल्या साली चुलत्याकडे ठेवली होती. त्याने पंधरा दिवसांत तिला कापूस वेचायला लावलं. शेवटी बजरंग अर्ध्यात येऊन घेऊन गेला. पुन्हा तसं नको.

"हाव बाई. तुमी म्हनाल तसं," म्हणाला. हा माणूस मला आवडतो. बायकोचं ऐकत नाही, पण माझं ऐकतो.

१ नोव्हेंबर, शनिवार. पूर्णा

वरदशी बोलले. म्हणजे भांडले.

"मंगळवारी पोरं जाणार आहेत, वरद. नऊ तारखेला कुणासाठी दार उघडणार आहेस? खाटांसाठी? किल्ली दे, मी गाडीने नेते."

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. परत आणता येतील."

परत! कर्नाटकातल्या कुठल्या फडावर कोण आहे, हे मुकादमाशिवाय कुणाला माहीत नसतं. एकदा ट्रक हलला की एप्रिल.

मी म्हटलं, मग कुलूप तोडायला सांगते कुणाला तरी. त्याचा चेहराच पडला. "अगं, उद्घाटनाला फुटकं कुलूप? साहेब काय उघडणार मग? चौदाशे किलोमीटर लोकांनी पूजलेली किल्ली आहे ती. आणि उत्तरा, कल्पना कुणाची होती?"

मेल्याला बरोबर ठाऊक आहे कुठे बोट ठेवायचं ते.

स्वरदा पंक्चर काढत होती. मान वर केली नाही. केयूर म्हणाला, "किल्ली रेल्वेने गेली तर कॉमेंटमध्ये लोक आपल्याला सोडणार नाहीत." याला बारावीत मी केमिस्ट्री शिकवली होती. तेव्हाच सोडून द्यायला हवा होता.

२ नोव्हेंबर, रविवार. पूर्णा

दोन सत्कार. एकात माझं नाव ‘उत्तम’ असं पुकारलं. ढेकरा आंबट येतायत.

३ नोव्हेंबर, सोमवार. पूर्णा

हे लिहायला लाज वाटते. म्हणून लिहितेच.

सकाळीच ठरवलं होतं. किल्ली नाही दिली तर नाही. संध्याकाळच्या गाडीने जायचं आणि दगडाने कुलूप फोडायचं. पिशवीही भरली. तेवढ्यात महिला मंडळाच्या राजेश्रीताई आल्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या बायांना तुमचंच ऐकायचंय. सरांचं लय झालं." वरदचं तोंड बघण्यासारखं झालं! मी हो म्हटलं. दहा मिनिटं बोलून स्टेशन गाठू, म्हटलं.

दोनशे बाया होत्या. मी राणीचं सांगितलं. तिने धडा कसा वाचला ते सांगितलं. बाया रडल्या. मग मीही रडले, आणि रडताना मला कळत होतं की चांगलं रडतेय मी. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून पाया पडली. मी तिला अडवलं नाही. एक क्षण उशीर केला. महिनाभर वरदची ज्या गोष्टीसाठी किळस करत आले ती हीच की! शाल पॉलिस्टरची नव्हती. मऊ होती. बरं वाटलं.

दहाची पन्नास मिनिटं झाली. गाडी गेली.

फोन पिशवीत होता. बजरंगचे तीन मिस कॉल. आठवण करून द्यायला केले असणार. उलट लावला तर बंद. पहाटेच्या पहिल्या गाडीने जाते. ट्रक काही सांगितल्या वेळेला येत नाहीत, मुकादमाची पहाट दहाला होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सेलू

उजाडायच्या आत उठले. सायकली लॉजच्या व्हरांड्यात. वरदच्या हँडलची गाठ सुटेना, हळदकुंकवाचं चिकट किटण बसलेलं. वास! शेवटी दाताने सोडली. मागे वळले तर स्वरदा उभी, ब्रश तोंडात. फेस थुंकून म्हणाली, "जा. मी काही बघितलं नाही." महिनाभरात तिने उच्चारलेलं सगळ्यात कामाचं वाक्य.

गाडी वेळेवर. सेलूला उतरून ऑटो केला. वस्तीवर पोचले तर ट्रक नाही. घरांना कड्या. एक कुत्रं बसलेलं. मी धावतच वसतिगृहाकडे गेले. दारावर ते भलंथोरलं कुलूप, त्याला झेंडूची माळ. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. तिथेच पायरीवर बसकण मारली.

आणि आतून गलका आला. पोरांचा!

पळत मागे गेले. मागच्या बाजूला स्वयंपाकघराला पत्र्याचं दार. आम्ही निघालो तेव्हा नव्हतंच ते, पुढे कुलूप बघून चूल बसवणाऱ्याने मागची भिंत फोडून, धूर जायला नि पाणी आणायला सोय म्हणून केलेलं. त्याला कुलूप नाही, नुसती कडी. आत पोरं ताटं घेऊन बसलेली. चांगुणाबाई भाकरी थापत होती.

"बाई, आलाव का! बसा. शनवारपासून हायेत पोरं. पयला ट्रक गेला तवाच घेतली आत. पोरायला काय रस्त्यावर ठिवावं का?"

"मला कळवलं का नाही, मावशी?"

"सरांचा मोठा कारेक्रम हाय म्हनं. बोभाटा नगं म्हनून गप बसले. म्होरलं कुलूप तसंच हाय की. त्याला कुनी हात लावला न्हाई."

मला हसू आवरेना. एक महिना! चार मोठी शहाणी माणसं लोखंडाचा तुकडा देशभर मिरवतायत, आणि इकडे ही बाई मागच्या दाराने पोरांना जेवू घालतेय. मी पोरांच्या पाठीवरून हात फिरवत मोजत गेले. सोळा. पुन्हा मोजले. सोळाच.

"राणी?"

चांगुणाबाईने भाकरी उलटली. "ती गेली न्हाई का. पहाटंच. मी बजरंगाला लय सांगितलं, ठिव इथं, सगळ्यायची हायेत. ऐकलंच न्हाई त्यानं. ट्रकवाला हारन वाजवून बेजार झाला, तरी ह्यो आपला रस्त्याकडं बगत हुबा. शेवटाला पोरीला उचलून वर घातली अन् गेला."

सोळा जणांनी पोरं ठेवली. अंगठे उठवणारे, दारू पिणारे, सगळ्यांनी ठेवली. आणि या एकाने नाही! तोंडावर ‘हाव बाई, हाव बाई’, आणि वेळ आली की पोरीच्या कडेवर बाळ द्यायचं. बायकोपुढे नांगी टाकली असणार. उघडं दार दिसत होतं समोर, गरम भाकरी दिसत होती, तरी नेली. वरदची किळस आली तर ठीक आहे, तो आहेच तसा. पण या माणसावर मी विश्वास टाकला होता. थू!

फोन लावला. बंद. वीस वेळा लावला.

५ नोव्हेंबर, बुधवार. सेलू

वरद ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय. किल्ली आजच्या आज पूर्णेला परत आण, सायकलवरूनच आली पाहिजे. पोरं आधीच आत आहेत हे सांगितलं तर म्हणतो, हरकत नाही, नऊ तारखेला त्यांना सकाळी मागच्या दाराने बाहेर काढू, अंघोळी घालू आणि साहेबांनी कुलूप उघडलं की पुढच्या दाराने आत घेऊ.

मी फोन आपटला. किल्ली चांगुणाबाईला दिली. तिने ती मिठाच्या बरणीमागे ठेवली.

बजरंगचा फोन अजून बंद. लागला की असं सुनावणार आहे की जन्मभर लक्षात राहील त्याच्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सेलू

बजरंगचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"बाई, राग मानू नका. चांगुणामावशी लय मागं लागली व्हती, ठिव म्हनली. कडूबाई बी तयार झाली व्हती. पर तुमी म्हनला व्हता, मी आल्याबिगर कुनाच्या बी हाती द्यायची न्हाई. इचारावं म्हनून सोमवारी तीनदा फोन लावला. उचलला न्हाई तुमी. मंग तुमचा शब्द कसा मोडावा? म्हनून आनली संगं. बरूबर केलं ना, बाई?"

मागे बाळ रडत होतं आणि राणी त्याला गप करत होती.

हो, म्हणाले मी.