केतकीची डिश

करंजाडे, मंगळवार, संध्याकाळ

केतकीच्या डिशमधल्या पेशी पुन्हा तळाला चिकटल्या. माझ्या पुन्हा नाहीत. काल सकाळी दोघींनी एकाच नळीतल्या पेशी आपापल्या डिशमध्ये सोडल्या होत्या. तिच्या पेशी डिशच्या तळाला पाय पसरून, एकमेकींना धरून बसल्यात. माझ्या गोल गोल होऊन वर तरंगतायत, म्हणजे मेल्यातच जमा. त्यात तिच्या झाकणावर मार्करने काढलेलं ते फूल! माझ्या झाकणावर नुसता नंबर. लॅबमध्ये तिला तीन महिने झालेत, मला दोन वर्षं.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "सारखी उचलून बघतेस ना? अगं, चिकटेपर्यंत स्वस्थ ठेवायच्या असतात त्या."

उरणची केतकी लगेच म्हणते, "मी तं ठेवते नि इसरूनच जाते, मॅडम." सगळे हसले. ती काहीही बोलली तरी हसतात.

खरंय, काल दर तासाला उचलत होते मी. पण कशासाठी? तिच्या डिशशी ताडून बघायला, माझ्या पेशी तिच्याआधी चिकटल्या का. हे मॅडमना कुठल्या तोंडाने सांगू?

आणि पुढचं तर कुणालाच सांगणार नाही. आज सगळे गेल्यावर ती फुलाची डिश हातात घेतली आणि हलवली. चांगली जोरात. मग मायक्रोस्कोपखाली धरली.

एकही पेशी सुटली नव्हती. फूल तेवढं पुसलं गेलं, माझ्या स्पिरिटने ओल्या ग्लोव्हला लागून आलं.