विदरकोम्बची मृत्यूनोंदवही

३ सप्टेंबर १९२६
पोचले एकदाची विदरकोम्बला! एडमंड गेल्यावर लंडनमध्ये जीव रमत नव्हता. चर्चला लागून छोटं घर मिळालंय. मागे सफरचंदाचं झाड, समोर गावतळं. शेजारच्या टकेटबाईंनी गरम पाव नि मुरंबा आणून दिला. पाद्री लायल यांनी कामही दिलं. चर्चची जुनी मृत्यूनोंदवही कसरीने खाल्लीय, ती नव्या वहीत उतरवायची. गावातलं कुणी तयार होईना म्हणे.

७ सप्टेंबर
सन १७४१पासून सुरुवात केली. पहिलंच नाव ऑबेडाया क्रेन, सुतार, तापाने गेला. सकाळभरात सोळा नावं झाली. दुपारी गल्लीत एका म्हाताऱ्याने टोपी काढून नाव सांगितलं, ऑबेडाया क्रेन. त्याचा वंशज असेल. टकेटबाई म्हणाल्या, गावात क्रेन कुणी उरलेलंच नाही.

१० सप्टेंबर
आता गल्लीत सोळाही जण उभे असतात. त्यांच्या पायांखाली गवत दबत नाही. क्रेन अजिजीने म्हणाला, "बाई, आमच्या हिचंही नाव घ्या ना. पुढच्याच पानावर आहे." घेतलं. तासाभरात ती त्याची कॉलर नीट करत उभी! एडमंड आठवला. घाबरायला हवं होतं, पण रडूच आलं.

१३ सप्टेंबर
शेवटच्या पानावर एकच नाव, गडद खोडलेलं, तारीख क्रेनच्या मृत्यूच्या आधीची. उन्हात धरून वाचलं. कीझाया ब्लंट. चेटकीण ठरवून गावाने तळ्यात बुडवली. खाली त्याच सोळा जणांची नावं नि अंगठे, पहिला क्रेनचा. निदान नाव तरी राहावं म्हणून लिहिलं. दुपारी क्रेन धावत आला. "तेवढं एक नाव लिहू नका, बाई. पाया पडतो." लिहून झालं होतं. त्याचा चेहरा पाहवेना.

१४ सप्टेंबर
गल्ली रिकामी. सगळे पळाले. मेलेल्या माणसांना कसली भीती? पाऊस नाही, तरी तळं रस्त्यावर आलंय. तिचं नाव लिहिलेलं पान मी जाळलं. पाणी ओसरत नाही —

१५ सप्टेंबर, दुपार
लायल घर बंद करून निघून गेले. ती टकेटबाईंच्या दारात आहे. केस ओले. विचारतेय, माझं नाव कुणी लिहिलं? टकेटबाई खिडकीतून — ऐकू येतंय सगळं — "आम्ही नाही गं, माये. ती लंडनची बाई. घरातच आहे बघ."

आता माझ्या पायरीवर. कडी लावलीय. दाराखालून पाणी — वही वर धरलीय — शाई पस