डॉक्टर काय म्हणाले होते

बाबा, आता मलाही ऐकू येत नाही. डावा कान पार गेला, उजव्यात थोडं शिल्लक आहे, तेही कुणी जवळ येऊन बोललं तरच. तुमचे कान चक्कीनं खाल्ले हे सगळ्या देऊळघाटाला माहीत होतं. माझ्या कानांना तसं काही कारणही नाही. मी जन्मभर बुलढाण्याच्या कचेरीत पंख्याखाली बसून कारकुनी केली, तिथे कसला आलाय आवाज. तरी गेले. मग माझ्या मुलाच्या बायकोनं मोबाइलमध्ये एक सोय करून दिली. समोरचा माणूस बोलला की त्याचं बोलणं मोबाइलवर अक्षरांत उमटतं. फोन हातात धरायचा, माणसाच्या तोंडापुढे न्यायचा आणि वाचायचं. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ‘काऊन फेकून राह्यला बे?’ पण खरंच उमटतं. फक्त त्याला पुस्तकी मराठी लागते, म्हणून घरात सगळे माझ्याशी बातम्या दिल्यासारखे बोलतात. ‘पप्पा, आपण चहा घेणार का?’ माझी बायको तेवढी बधत नाही. ती आपली वऱ्हाडीतच दणकून बोलते, फोन अर्धं लिहितो, अर्धं सोडून देतो, आणि ती म्हणते, ‘यालेबी माह्यं समजत नाही, तुमच्यासारखंच.’ एवढं मात्र मला फोनशिवायही कळतं.

तुमच्या वेळी ही सोय नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. पण चक्कीत तुमचं काही अडल्याचं मला आठवत नाही. पट्टा फिरायला लागला की तिथे धड कानाच्या माणसांनाही ऐकू येत नसे, सगळे हातानंच बोलायचे. अंगठा बोटावर घासला की बारीक दळायचं, मूठ उघडून झटकली की जाड. डब्यांवर खडूनं नावं तुम्ही लिहायचात. चौथीपर्यंतचं शिक्षण, पण अक्षर ठसठशीत. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं तर खडू त्याच्याच हातात देऊन डबा पुढे करायचात. तो लिहायचा, तुम्ही वाचायचात आणि मान हलवायचात. एका सुट्टीत मी तुमच्या मदतीला होतो आणि नाव पुसलं गेलेला एक डबा मी अंदाजानं भलत्याच बाईला देऊन टाकला. तुम्ही चक्की बंद केलीत. भुवयांवर पीठ, डोळे लाल. सगळ्या बायांसमोर मला म्हणालात, ‘ज्याचं असंन त्यालेच द्या लागते बे. आपल्या मनानं नाही वाटा लागत.’ मला फार राग आला होता. एवढ्याशा ज्वारीसाठी हा माणूस चारचौघांत आपली अब्रू काढतो, असं वाटलं.

घरी मात्र तुमचं सगळंच अडायचं. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, आम्ही भावंडं ताटं घेऊन बसलो आहोत, कुणीतरी काहीतरी बोलतं आणि हशा उसळतो. तुम्ही प्रत्येकाच्या तोंडाकडे बघता आणि थोड्या वेळानं तुम्हीही हसता. मग विचारता, ‘काय झालं बे?’ आणि कुणीतरी, बहुतेक वेळा मीच, हात हलवून म्हणतो, ‘काही नाही.’ कारण तीच गोष्ट तुमच्या कानात ओरडून सांगायची म्हणजे घसा बसायचा, आणि तोवर तिच्यातलं हसू विझून गेलेलं असायचं. तुम्ही पुन्हा विचारत नसायचात. भाकरी मोडून खायला लागायचात. आई कधी कधी माझ्याकडे डोळे वटारून बघायची आणि स्वतः उठून तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. आई होती तोवर निदान कुणीतरी सांगत होतं.

तीच आई दवाखान्यात होती त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी कधीच बोललो नाही. बुलढाण्याचा तो लांबलचक वॉर्ड, भिंतीशी तिची खाट, आणि तुम्ही स्टुलावर बसून तिचे पाय चेपत होतात. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आजचा दिवस निघणं कठीण आहे, म्हणाले, घरच्यांना तिच्याजवळच बसू द्या. एका कागदावर सही घेतली. मी आत आलो. तुम्ही तुमच्या त्या मोठ्या आवाजात विचारलंत, ‘काय म्हणे रे डाक्टर?’ सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. आई जागी होती. तुम्हाला सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे आई आता वाचत नाही हे वॉर्डभर, तिच्या देखत सांगायचं. मी हात हलवला. म्हणालो, ‘काही नाही.’

तुमचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघतच राहिलात. म्हणून मी पुढचं माझ्या मनानं जोडलं. जेवायची खूण केली, आईकडे बोट दाखवलं, आणि मूठ उघडून झटकली. जाड. तुमचीच खूण. तुम्हाला ते लगेच समजलं. ‘दलिया?’ म्हणालात. मी मान डोलावली. तुमचा चेहरा असा उजळला, बाबा, की मला तिथे उभं राहवेना. इतके दिवस नुसते बसून होतात, आता तुम्हाला करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. ‘मंग मी घेऊनच येतो ना करून,’ असं आईला सांगून तुम्ही टोपी घातलीत आणि स्टँडकडे निघालात. मी तुम्हाला जाऊ दिलं. आईनं विचारलं, ‘कुठी गेले?’ मी म्हणालो, येतीलच. दुपारी ती गेली. तुम्ही दिवेलागणीला आलात, टॉवेलात गुंडाळलेला डबा छातीशी धरून. तो अजून कोमट होता.

तुम्ही रडला नाहीत. मला एवढंच विचारलंत, ‘डाक्टरले माईत नव्हतं काय बे?’ मी मान हलवली. नव्हतं. मान हलवलेली बहिऱ्या माणसाला पहिल्याच खेपेला कळते. त्यानंतर तुम्ही होतात तोवर चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, ‘त्या डाक्टरले काई समजत नाही. इकडं बाई चालली, अन् हा दलिया द्या म्हणे.’ पट्ट्याच्या वरताण आवाजात. रविवारी गावी आलेला मी तिथेच पोत्यावर बसलेला असायचो. बाया हळहळायच्या, डॉक्टरला चार शिव्या द्यायच्या, आणि मी डब्याची झाकणं लावत राहायचो. माझी मला लाज वाटायची, पण ती एवढी मोठी कधी नव्हती की मी तोंड उघडावं.

परवा मुलगा मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी फोन टेबलावर ठेवला होता. डॉक्टर माझ्याकडे न बघता मुलाशीच बोलत होते आणि फोनवर अक्षरं येत होती. उजवा कानही राहणार नाही. मशीन लावून फारसा उपयोग होणार नाही. मी ते नीट वाचलं. तरी जुन्या सवयीनं मुलाला विचारलं, काय म्हणाले? तो खिशात गाडीची चावी शोधत होता. त्याचे ओठ हलले आणि डॉक्टरांच्या वाक्यांच्या खाली नवी ओळ उमटली. काही नाही पप्पा, ठीक आहे सगळं. मी मान डोलावली. पोरगा वाईट नाही. दमला होता. तो दमलेला चेहरा मी ओळखला, कारण तो माझाच होता. गाडीवर मागे बसून येताना मनात आलं, तुम्हालाही त्या दिवशी सगळं कळलं असेल, आणि कळूनही तुम्ही माझ्यासाठी मान डोलावली असेल. असं मानता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण हे कळलेला माणूस बायकोचे पाय सोडून दलिया दळायला जात नाही.

हे सगळं मी तुम्हाला बोलूनच लिहिणार होतो. आता बोललं की उमटतं, म्हटलं आपणही बोलावं. दार लावून फोन तोंडाशी धरला आणि ‘बाबा’ म्हणालो, तर सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. मला माझ्या आवाजाचा अंदाज राहिलेला नाही, मी ओरडलो होतो म्हणे. तिनं फोनमध्ये विचारलं, ‘पप्पा, काय झालं?’ मी म्हणालो, काही नाही. ती गेल्यावर फोन बाजूला ठेवला आणि पेन घेऊन लिहायला बसलो. हा कागद कुठे जायचा नाही, घडी करून गादीखाली राहील. इतकी वर्षं ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना मी हेच सांगितलं की ते आईसमोर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, आणि सगळ्यांना ते पटलं. बाबा, डॉक्टरांच्या कागदावर सही केली ते पेन तेव्हा माझ्या खिशालाच होतं, आणि तुम्हाला वाचता येत होतं.