आवाज फाटतो ती जागा

चिंचवड,
९ मार्च १९५८

प्रिय वजीर,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. ‘आपा, तू सांगितलंस तसं केलं. चौथ्या तबकडीतून शालनमावशीचा आवाज काढून टाकला, आता नुसता पियानो आणि व्हायोलिनं,’ ही ओळ मी दारात उभ्यानेच वाचली. वजीर, तो आवाज परत घाल. आवाज असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही रेकॉर्डिंगं कंपनीत आहेत आणि सोळा तारखेला ती तबकड्यांचे साचे काढायला जाणार, असं तूच लिहिलं आहेस. म्हणजे सात दिवस हातात आहेत. जानेवारीतलं माझं पत्र फाडून टाक. ते चूक होतं. कसं चूक होतं ते सांगायचं, तर दोन वर्षं टाळलेली एक गोष्ट सांगावी लागेल. ती एकदम लिहायला हात धजत नाही, म्हणून जरा वळसा घेते.

इकडे बरं आहे. पिंपरीला औषधाच्या कारखान्याभोवती रोज नव्या भिंती उभ्या राहतात, आणि आपल्या गावठाणातली तरणी मुलं शेत सोडून तिकडे कामाला जातात. घर शाकारून घेतलं. माझी तब्येत ठीक आहे, खोकला अजिबात नाही. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. शिवणाचं काम चांगलं चालतं. दम लागतो म्हणून शाळेची नोकरी सोडली असं मी तुला कळवलं होतं, त्याबद्दलही पुढे लिहिते.

काल मला देहूरोडची लष्करी मेस सारखी आठवत होती. अब्बा खानसामा, आणि मी नुकतीच विधवा होऊन परत आलेली. घरात बसून रडण्यापेक्षा चल, कांदे सोल, म्हणून ते मला सकाळच्या गाडीने बरोबर न्यायचे. चाकणच्या कांद्याची पोती भिंतीला लावलेली असायची. दुपारी साहेब लोक झोपले की बँडातला तो गोव्याचा म्हातारा पियानोवाला तुला शेजारी बसवून घ्यायचा. मी दाराआड कांद्याची टोपली घेऊन बसायचे. काही वाजवून झालं की तू मान वळवून विचारायचास, “आपा, कसं?” मला त्यातलं काय कळत होतं? पण जे अंगावर आलं त्याला मी एक बोट वर करायचे, जे आलं नाही त्याला नुसती कांदा सोलत राहायचे. अब्बा म्हणायचे, “या पोरीच्या डोळ्यांत कांद्याचं पाणी की बाजाचं, अल्ला जाणे.” पुढे तू मुंबईला गेलास, हॉटेलांतून जाझ वाजवायला लागलास, अब्बांनी तुझं नाव घेणं सोडलं, तरी तू प्रत्येक पत्रात तेच दोन शब्द लिहीत राहिलास. आपा, कसं?

मग तू ‘दुआ’चं लिहिलंस. हॉटेलातलं नाचाचं काही नको, आपल्या गेलेल्या अम्मीचा एक दिवस पियानोवर मांडायचा आहे, म्हणालास. दुपारची नमाज, दिवेलागण, चूल, चौथ्या तबकडीवर पहाटेचं दळण, मग विहीर. पाच तबकड्या, आठ व्हायोलिनं, आणि एकच आवाज. त्या आवाजासाठी तुला मुंबईतली कुठलीही गाणारी नको होती. अम्मीच्या समोर पंचवीस वर्षं जात्याला बसलेली शालनमावशीच हवी होती. दिवाळीनंतर तू तिला न्यायला आलास तेव्हा सारी गल्ली जमली होती. “म्या काय गानारनी हाय व्हय रं?” असं म्हणत ती लाजत होती, आणि लुगडं मात्र नवं नेसून तयार होती. मुंबईहून परत आल्यावर विहिरीवर दुसरा विषय नव्हता. “आमच्या रहमतबीच्या पोरानं माजा आवाज तव्यावर घातलाय,” हे तिनं निदान शंभर जणींना सांगितलं असेल. तबकडीला ती तवा म्हणते.

जानेवारीत तुझ्या नमुन्याच्या तबकड्या आल्या तेव्हा ती चाकणला लेकीकडे कांदा काढायला गेली होती. मी भजनी मंडळाचे लक्ष्मणराव पेटीवाले यांना बोलावलं. त्यांचा कान पक्का, असं सगळं गाव मानतं. त्यांनी पाचही तबकड्या ऐकल्या आणि माझ्यासाठी पाटीवर लिहिलं. पियानो उत्तम, व्हायोलिनं उत्तम. चौथ्या तबकडीतली बाई दर ओळीला एकाच जागी फाटते, बेसूर होते, काढून टाकावी. मी तेच जरा बऱ्या भाषेत तुला लिहिलं. ‘आवाज त्या जागी टिकत नाही, तो नसता तर बरं’ हे वाक्य माझं नव्हतं, लक्ष्मणरावांचं होतं. आणि तू ते माझं न उचललेलं बोट समजलास.

परवा शालनमावशी चाकणहून आली, ती पदरात कांदे घेऊन थेट माझ्याकडे. “लाव तुजा तवा. आधी माजं मला ऐकू दे, मंग गावाला.” मी ग्रामोफोनला चावी दिली. पहिल्या तबकडीला ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, “अगं, हे कुनीतरी जिन्यावरनं गडगडत खाली आल्यावानी वाटतंय. आन् मंग उठून, धूळ झाडून, देवाला जातंय.” (हे तुला आवडेल म्हणून लिहिलं.) चौथी तबकडी लावली आणि तिचं हसू थांबलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिचा उजवा हात मांडीवरून उठला, मूठ वळली, आणि ती हवेतच खुंटा धरून जातं ओढायला लागली.

मी माझा तळहात ग्रामोफोनच्या लाकडावर ठेवला. वजीर, लाकडातून ठोके येत होते, पियानोचे. चार-पाच ठोके, मग काही नाही. पुन्हा चार-पाच, पुन्हा काही नाही. आणि जिथे लाकूड गप्प व्हायचं, नेमकं तिथे मावशीची मूठ तिच्याकडे ओढली जायची. लाकूड बोलायला लागलं की तिचा हात सैल पडून पुढे जायचा, समोरचं कुणी तरी ओढतं आहे असा. जातं दोघींचं असतं. अर्धा फेरा एकीच्या ओढीचा, अर्धा दुसरीच्या. ओढ आपली असेल तेव्हा पोटातून जोर लागतो, आणि गळ्यातली ओवी त्या जागी फाटतेच. अम्मीची फाटायची, मावशीची फाटायची. पेटीवर गाणाऱ्या लक्ष्मणरावांना ते बेसूर वाटलं, कारण दळण त्यांनी जन्मात केलेलं नाही. तुझ्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मावशीसमोर जातं नव्हतं, तरी पंचवीस वर्षांच्या सवयीने ती आपल्या अर्ध्या फेऱ्याला फाटली आणि अम्मीच्या अर्ध्या फेऱ्याला गप्प बसली. आणि तिथे तू पियानो वाजवलास. तुला हे सगळं ठाऊक होतं. तू ते मुद्दाम केलंस, आणि तरी माझ्या एका ओळीवर ते पुसून टाकलंस. आता तुझ्या चौथ्या तबकडीत अम्मी एकटीच जातं ओढते आहे, समोर कुणी नाही.

तबकडी संपली. मावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, “माजा आवाज लई वंगाळ झालाय. पन रहमत हाय गं त्यात.” मग मला विचारलं, “लोकांच्या तव्यात बी असाच ऱ्हाईल न्हवं?” मी हो म्हणाले. तेव्हा तुझं पत्र आलेलं नव्हतं. काल ते आलं, आणि आज सकाळी ती दारावरून गेली तेव्हा मी आत सरकले.

आता राहिलेलं सांगते. लक्ष्मणरावांनी पाटीवर का लिहिलं, मी लाकडावर हात का ठेवला, हे एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल. मला ऐकू येत नाही, वजीर. दोन वर्षं झाली. इस्पितळात क्षयाच्या सुया सुरू असतानाच कानात रातकिडे ओरडायला लागले, मग चिमण्या गेल्या, मग किटलीची शिट्टी, मग शाळेतली मुलं (नोकरी सोडली ती यामुळे, दमामुळे नाही), आणि एका सकाळी रातकिडेही गेले. डॉक्टर म्हणाले, या औषधाने काहींचं असं होतं. त्याच्याशिवाय छाती राहिली नसती. ते औषध तू आणलं होतंस. इथे मिळेना, तेव्हा हॉटेलात उतरलेल्या बोटीवरच्या डॉक्टरला गळ घालून, त्याच्यासाठी महिनाभर फुकट वाजवून तू ते मिळवलंस, आणि स्वतः रेल्वेने बर्फात घालून घेऊन आलास. तुला हे मी कसं सांगणार होते? मागच्या ईदला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही, तू समजलास मी रागावले. मावशी तुझ्याबरोबर मुंबईला निघाली तेव्हा मी तिला अम्मीची शपथ घातली होती, आणि तिनं ती आठ दिवस तुझ्या समोर बसून पाळली. माझं गुपित तिनं राखलं आणि मी तिचा आवाज काढायला लावला. सुयांना दोष देऊ नकोस, स्वतःला तर मुळीच नको. मी जिवंत आहे, शिवते, जेवते, तुझी पत्रं चार-चारदा वाचते. पण ‘आपा, कसं?’ आता मला विचारू नकोस, मावशीला विचार. ती खरं सांगेल, आणि हसवेलही. आवाज घातलास की तारेने एक ओळ कळव, म्हणजे मी दारात उभी राहू शकेन. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा माझ्यासमोर खिडकीपाशी बस, उजेडात, आणि सावकाश बोल. तुझे ओठ मला दिसले पाहिजेत.

तुझीच, कांदे सोलणारी,
ताहेरा आपा