कडेचा ठिपका

बुकित बातोक,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

नमस्कार. माझी तब्येत ठीक. तुमच्या गुडघ्याचं आईकडून कळलं. मिरजेत थंडी सुरू झाली असेल. इथे ऋतू नाहीत, छत्री आहे.

हे फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तीनदा हवेबद्दल बोलून ठेवला. म्हणून पत्र.

आधी सोपी बातमी. गेले पाच शनिवार मी हिरे बघते आहे, साखरपुड्याच्या अंगठीसाठी. मुलगा राजस. गेल्या वर्षी तुम्ही आला होतात तेव्हा ज्यांच्याकडे गणपतीला जेवलो, त्या सुलेखाकाकू आणि प्रबोधकाकांचा. परतताना तुम्ही म्हणाला होतात, "मुलगा चांगला आहे, पण मराठी उसनं आणल्यासारखं जपून बोलतो."

चहा घ्या, मग पुढे वाचा.

अंगठी मुलाकडची, ती मुलीने निवडू नये, हे ठाऊक आहे. पण राजस एकटा गेला असता तर पहिल्याच दुकानातून पहिलाच हिरा घेऊन आला असता. तो आधी दुकानदाराचे आभार मानतो, मग किंमत विचारतो.

मी शिकले ते असं. वजन एक कॅरटला टेकलं की भाव उडी मारतो. थोडा कमी वजनाचा हिरा डोळ्याला तेवढाच दिसतो. किंचित पिवळट झाक पिवळ्या सोन्यात कळत नाही. पैसे घालायचे ते पैलूंवर. पैलू चुकले की हिरा झोपतो.

शेवटी टॅन आंटींच्या लहानशा दुकानात एक सापडला. ब्याण्णव सेंट, म्हणजे एका कॅरटला आठ कमी. "वन कॅरट फॉर व्हॉट?" त्या म्हणाल्या. "पीपल सी द रिंग, नॉट द सर्टिफिकेट लाह." मी त्यांचं भिंग घेतलं आणि तुमच्यासारखं डोळ्यात अडकवलं. "यू वॉचमेकर आह?" मी म्हटलं, माझे बाबा.

कडेला एक काळा ठिपका होता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्यामुळेच तो स्वस्त. आंटी म्हणाल्या, हिरा धरणारं सोन्याचं टोक बरोबर त्यावर बसवते, भिंगातूनही कुणाला दिसणार नाही. राजस खूश. मी म्हटलं, नको, उघडा राहू दे.

"व्हाय?" त्याने विचारलं. मी त्याला सांगितलं, उद्या बाबांना पत्र लिहिणार आहे.

पुंगोलला आम्हाला फ्लॅट मिळाला आहे. सरकारी. लग्न ठरलेल्या जोडप्याला अर्ज करता येतो, मग सोडत निघते. इथली मुलं लग्नाचं विचारत नाहीत, फ्लॅटचा अर्ज भरू या का विचारतात. राजसने फेब्रुवारीत एमआरटीच्या गाडीत विचारलं. रॅफल्स प्लेस स्टेशन यायच्या आत मी हो म्हटलं. सगळे सांगत होते, नंबर लागायला वर्षं जातात. वाटलं, तोवर तुम्हाला सावकाश सांगू. पहिल्याच सोडतीत लागला.

अर्जात नात्याचा रकाना होता. तो मी भरला. म्हणजे तुमच्या आधी सरकारला कळलं. आईला ऑगस्टपासून माहीत आहे. मीच तिला शपथ घातली होती, तिला रागावू नका.

लग्नाचं सांगणं अवघड नव्हतं. दर रविवारी तुम्ही विचारता, "अजून किती वर्षं तिकडे?" मी म्हणते, "बघू." तुमच्या घड्याळांच्या दुकानावरची खोली तुम्ही माझ्या ऑफिससाठी रंगवलीत, टेबलही आणलंत, हे मला माहीत आहे. फ्लॅटची किल्ली मिळाली की त्यात किमान पाच वर्षं राहावं लागतं. हा नियम पुढे करून सुटता आलं असतं. पण मला इथेच राहायचं आहे, बाबा. मी परत येणार नाही. येत राहीन.

साखरपुडा मिरजेत व्हावा. तारीख तुम्ही काढा.

तेवीस तारखेला, रविवारी, प्रबोधकाका रीतसर मागणी घालायला फोन करतील. बँकेत रोज दहा जणांना नाही म्हणणारा माणूस, पण तुमच्यासाठी वाक्यं कागदावर लिहून पाठ करतो आहे. सुलेखाकाकू चुका काढतात. नेहमीसारखा फोन आईकडे देऊ नका. राग आला असेल तर रागाने बोला.

पण तुम्हीच बोला.

तुमची,
निशिगंधा