खड्ड्याच्या तळाचं खत

खुशीचे बाबा,

मी सालेकस्याले भावाकडे जाऊन राहिली, परवा येईन. त्याच्या मोहाच्या झाडाखालचा कुजलेला पालापाचोळा पोतंभर आणते. तोवर माझ्या वांग्याच्या वाफ्यात काही टाकू नका. धानाचा कोंडा नाही, राख नाही, अन् ताजं शेण तर बिलकुल नाही. तुम्ही सांगितलं म्हणून ताजं शेण टाकलं, तर मुळांले उधई लागली, वाळवीनं झाडं पोखरली.

भात झाकून ठेवला. भाजी केली नाही.

खड्ड्याच्या तळाचं मुरलेलं खत संपलं, असं तुम्हीच म्हणले होते. काल तुमच्या वहिनीच्या वाफ्यात सांभाराची हिरवी जुडी तोडाले गेली. माती कशी काळीभोर, भुसभुशीत! त्यात हा हिरवा काचेचा तुकडा भेटला. मागच्या पोळ्याले शेण टाकतानी माझी बांगडी आपल्या खड्ड्यात फुटली होती, तिचाच आहे. चिठ्ठीवर ठेवला, पाहून घ्या.

फुटली तेव्हा नवीन भरून देतो म्हणले होते. वर्ष झालं, बाजारात जावाले तुमाले वेळ नाही भेटला. तिच्याकडे खत टाकाले बरोबर भेटला.

भाजी तिकडेच मांगा. वांगे मस्त आले तिचे.